एक तरी विरोधक हवा

“तुझा कशाकशाले विरोध आहे?”

खोली बघायला गेले तेव्हा आत्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तयारी करून गेले होते ती वेगळ्याच प्रश्नांची. नोकरी कुठे, लग्नाचं काय, मटण-मासे खातेस का, घरी कितीला येणार. रायपुरातल्या आधीच्या घरमालकांनी हेच सगळं विचारलं होतं. मी गडबडले. म्हटलं, “विरोध? माझा कशालाच नाही.”

“बाप्पा! कशालेच नाही?” आत्यांचा चेहरा पडला. “जरा आठवून सांग. एवढी शिकलेली पोट्टी तू, एखादा तरी असनच.”

खोली हातची जाते की काय या भीतीने मी सांगितलं, की नळाला भल्या पहाटे पाणी सोडतात ते मला अजिबात पटत नाही. आत्यांची कळी खुलली. त्यांनी पाण्याच्या वेळेवर माझं म्हणणं बरंच खोदून खोदून विचारलं, मग किल्ली दिली. भाड्याचं बोलणं जाता जाता जिन्यात झालं.

आत्या रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. वडील वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथेच घर बांधून राहिले. घर शहराच्या उत्तरेला, बीरगांवकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जुन्या वस्तीत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी पहिल्यांदा ‘काकू’ म्हटलं तर म्हणाल्या, “काका कुठी आहे ते दाखव, मग म्हण.” तेव्हापासून त्या माझ्या आत्या झाल्या. गल्लीत मात्र त्यांना सगळे ‘आवेदनवाली दीदी’ म्हणत. खालच्या मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण राहायची. त्या माई. यजमान गेल्यावर धाकटीकडे आलेल्या, दम्याने बेजार, दिवसातला बराच वेळ खिडकीजवळच्या खाटेवर.

आवेदन म्हणजे अर्ज, आणि अर्ज तर आपल्याकडे कोण करत नाही? पण आत्यांची जात निराळी होती. गटार तुंबलं, दिवा गेला, कुत्रं चावलं, यासाठी त्या कधी कागदाला हात लावत नसत. त्यासाठी कोणी आलं की सरळ पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, वाट दाखवत. “ते तक्रारीचं काम आहे, पार्षदाकडे जा. तक्रारीनं माणूस सुधारतो, तोही चार दिवस. मी नियमाचं काम करते.” पालिकेचे जे स्थानिक नियम असतात, ज्यांना सरकारी भाषेत उपविधी म्हणतात, ते बदलून आणणं हा त्यांचा छंद. बाकीच्या बायका निवृत्तीनंतर चारधामला गेल्या. आत्या निगमच्या, म्हणजे पालिकेच्या, पायऱ्या चढल्या.

त्यांच्या घरात एका वाक्याला बंदी होती. ‘उचित कार्यवाही करने की कृपा करें.’ आपल्याकडचा एकूणएक अर्ज या वाक्याने संपतो. मी एकदा माझ्या ऑफिसातल्या अर्जाखाली ते लिहिलेलं त्यांनी पाहिलं आणि पेनाने खोडलं.

“उचित काय ते साहेबानं ठरवायचं ना मग? त्याले फाइल बंद करणं उचित वाटते. तो करते. तुले राग काहून येते?”

त्यांची रीत अशी, की कागदाच्या वरच्या भागात आजचा नियम जसाच्या तसा उतरवायचा. खाली तोच नियम आपल्याला हवा तसा लिहायचा. मध्ये, हे असं का, ते थोडक्यात. बस. विनवण्या नाहीत, ‘महोदय’ एकदाच. साहेबाला विचार करायचं काम ठेवायचं नाही, फक्त वाक्य बदलायचं काम ठेवायचं. विचार त्या मराठीत करत, कागद हिंदीत. “घरचं भांडण मराठीत, सरकारचं हिंदीत,” असं म्हणत.

पण त्यांचा खरा नाद वेगळाच होता. मागणी लिहून झाली की बाकीचे लोक सह्या गोळा करायला निघतात. आत्या विरोधक शोधायला निघत. या बदलाने ज्याचं नुकसान होईल असा माणूस हुडकायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि त्याचा विरोध त्याच्याकडून लिहून घ्यायचा. तो कागद त्या आपल्या मागणीला मागून टाचणीने जोडत आणि मगच पालिकेत देत. एक तरी विरोधक मिळाल्याशिवाय त्यांचं आवेदन घराबाहेर पडायचं नाही.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. बागेचं प्रकरण पाहिलं तेव्हा जरा डोळे उघडले. आमच्या वस्तीतली बाग नियमाने भर दुपारी बंद असायची. जवळच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करणारे कितीतरी जण आमच्या भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना मोकळा वेळ दुपारीच मिळायचा आणि तेव्हाच फाटकाला कुलूप. आत्यांनी मागणी लिहिली आणि विरोधक म्हणून बागेच्या चौकीदाराला गाठलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “दीदी, मैं क्यों विरोध करूँगा, नौकरी जाएगी.” आत्यांनी त्याला जेवायला केव्हा बसतोस एवढंच विचारलं. तेव्हा कळलं की दुपारी बाग उघडी राहिली तर त्याला चार घास खायलाही उसंत मिळणार नव्हती. तेच त्याचं म्हणणं म्हणून लिहून गेलं. नियम बदलला तेव्हा त्यात चौकीदाराच्या जेवणाची सुट्टीसुद्धा आली. आत्या नुसत्या आपल्याच कागदावर गेल्या असत्या तर ती आली नसती.

सह्यांच्या बाबतीतही त्यांचं सोवळं भारी. ज्या घरी सही घ्यायला जायचं तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. रायपूरच्या मे महिन्यात! स्वतःची बाटली काखोटीला मारून हिंडायच्या. एका मराठी घरी कैरीचं पन्हं पुढे आलं तर म्हणाल्या, “सही झाली की मग उद्या येते अन् दोन पेले पिते. आज नाही.” त्या घरची माउली महिनाभर रागावली होती. मागणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायच्या. मध्येच कोणी, “दीदी, आप कह रही हैं ना, लाओ कहाँ करना है,” असं म्हटलं की कागद मिटून उठायच्या. “मी म्हणते म्हणून करू नको. घरात बोल. मी परत येते.” आणि खरंच परत जायच्या. मी दोनदा बरोबर गेले. तिसऱ्यांदा डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले.

या बाईंची एक मागणी चुकली. तीच मला सांगायची आहे.

आमच्या भागात काजळी पाचवीला पुजलेली. गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे. उरल्याच्या चिमण्यांचं आत्या काही करू शकत नव्हत्या. “ते निगमच्या हातात नाही. जे त्यांच्या हातात नाही ते त्यांच्याकडे मागू नये,” म्हणायच्या. पण आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका हॉटेलवाल्याने रस्त्यावर कोळशाची भट्टी मांडली होती. सकाळ-संध्याकाळ तिचा धूर सरळ माईंच्या खिडकीत. माईंची छाती भरून यायची, रात्र रात्र बसून काढायच्या. आत्यांनी पदर खोचला. रहिवासी गल्लीत रस्त्यावर भट्टी लावू नये, अशी मागणी लिहिली. मग त्यांना वाटलं, हा हॉटेलवाला मुलखाचा बिलंदर. उद्या म्हणेल, ही भट्टी नाही, शेगडी आहे. म्हणून त्यांनी शब्द रुंद केले. ‘कोळसा जाळणारं कोणतंही साधन.’ आता बघते कुठून निसटतो ते, असं म्हणून त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी चहा केला.

विरोधक तर समोरच होता. हॉटेलवाल्याने भरभरून विरोध लिहून दिला, तो जोडला. गल्लीने सह्या केल्या. पार्षदाने मागणी उचलली, ती पालिकेच्या सामान्य सभेत गेली आणि नियम झाला. शब्द आत्यांचेच, एकही न बदलता. भट्टी हलली. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले आणि माईंनी कितीतरी दिवसांनी खिडकी उघडी ठेवून झोप काढली.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची गाडी आली आणि फुलेश्वरीचा ठेला घेऊन गेली.

फुलेश्वरी म्हणजे आमच्या गल्लीची प्रेसवाली. आत्यांच्या घराला लागून, माईंच्या खिडकीच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीशी तिचा ठेला. सकाळी कोळसा पेटवायची, लोखंडाच्या जड इस्त्रीत भरायची आणि दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीचे कपडे करायची. नवरा रोलिंग मिलमध्ये होता. हाताला मार लागल्यापासून घरीच बसलेला. घर त्या इस्त्रीवर चालायचं. कोळसा जाळणारं कोणतंही साधन म्हटल्यावर इस्त्री सुटणार कशी? पण गंमत अशी, की हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भट्टी म्हटलं की धूर दिसतो. इस्त्री म्हटलं की कडक कॉलर दिसते.

ती फाटकाशी येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही.

“दीदी, मोर ठेला ला उठा के ले गिन,” म्हणाली. आणि मग, “ओ कागज म मोर दस्तखत घलो हे.”

त्या कागदावर माझीही सही आहे, असं ती म्हणत होती. होतीच. आत्यांनी तिला पूर्ण वाचून दाखवलं होतं, तिने मान डोलावून ऐकलं होतं आणि वळणदार अक्षरात सही केली होती. आत्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

पार्षद भला माणूस. स्वतः घरी आला. “दीदी, टेंशन मत लो. मैं ठेला छुड़वा देता हूँ, इसको कोई हाथ नहीं लगाएगा. नियम अपनी जगह रहने दो.” मला वाटलं, प्रश्न मिटला. फुलेश्वरीलाही तसंच वाटलं असणार. आत्यांनी ठेला सोडवून घेतला, आभारही मानले. पण तो गेल्यावर म्हणाल्या, “याच्या शब्दावर ही किती दिवस चालन? उद्या दुसरा पार्षद आला की ठेला पुन्हा उचलतीन. चूक नियमात आहे, तिथूनच काढा लागन.”

तोवर कोळसा नको म्हणून फुलेश्वरीला त्यांनी आपल्या व्हरांड्यात विजेची इस्त्री लावून दिली. पण लाइट जायची आणि जाड खाकी कापडापुढे ती इस्त्री हात टेकायची. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं.

आणि मग आत्यांनी जे केलं ते करायला वाघाचं काळीज लागतं. ज्या ज्या दाराने सही दिली होती त्या प्रत्येक दाराशी त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, “मी चुकले. तुमची सही चुकीच्या कागदावर घेतली.” लोक हसले. काही चिडले. हॉटेलवाला तर इतका खूश झाला की खुर्ची पुढे करून म्हणाला, “दीदी, अब मेरी भट्टी भी लिख दो साथ में!” त्याला त्यांनी दोन शब्द सुनावले आणि पुढच्या दाराकडे वळल्या. मी वरून पाहत होते. अशा वेळी माणूस मान खाली घालून चालतो. आत्या ताठ चालत होत्या. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

नवी मागणी साधी होती. त्या नियमातून इस्त्रीचे ठेले वगळावेत. आता विरोधक हवा. गल्लीत कोणी मिळेना. फुलेश्वरीच्या विरोधात कोण लिहून देणार? आत्या तीन-चार दिवस वणवण हिंडल्या. मी थट्टेने म्हटलं, “आत्या, या खेपेला विरोधकाशिवायच जाऊ द्या की.”

“माझा आहे ना विरोध,” मागच्या खोलीतून आवाज आला.

माई. आम्ही दोघी आत गेलो. माई उशीला टेकून बसल्या होत्या. “लिही. माझा हात थरथरते, तूच लिही.”

आत्या पेन घेऊन बसल्या. माई एकेक वाक्य सांगू लागल्या, मधून मधून दम घेत. “लिही, की निवेदन करणारी बाई दिवसभर बाहेर हिंडते, तिले धूर कधी येते ते माहीत नाही.” आत्यांनी ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं. “लिही, की मी या खिडकीतून रोज पाहून राहिली. कोळसा पेटताना धूर होते. एकदा लाल झाला की होत नाही. ठेला वगळा म्हणजे मग खिडकीखालीच पेटवणं आलं. माझा त्याले विरोध आहे. ठेला राहू द्या, पेटवणं दूर न्या.” आत्यांनी शब्दही बदलला नाही. फक्त लिहिताना एका जागी थांबून त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

पालिकेने दुरुस्तीचा मसुदा लावला, हरकती मागवल्या आणि सुनावणीचा दिवस दिला. माईंना न्यायचं की नाही यावर घरात जुंपली. डॉक्टर नको म्हणत होते. आत्या म्हणाल्या, “विरोधकाले बोलायचा हक्क आहे,” आणि ई-रिक्षा ठरवली. आपल्याविरुद्ध बोलायला जाणाऱ्या बहिणीला शाल गुंडाळून, औषधाचा पंप हातात देऊन त्यांनी स्वतः धरून बसवलं. मी आणि फुलेश्वरी समोरच्या बाकावर.

हॉलमध्ये गर्दी बेताची होती. अधिकाऱ्याने आत्यांचा कागद पाहिला आणि हसून म्हणाला, “मैडम, पिछली बार तो आप ही ने यह नियम बनवाया था?”

“जी हाँ. गलत बनवाया था,” आत्या म्हणाल्या. तिथे बसलेल्या कोणी हे वाक्य त्या खोलीत पूर्वी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मग त्याने मागे जोडलेला हरकतीचा कागद उलटला. “आपत्ति किनकी है?”

माईंनी हात वर केला. अधिकारी पत्ता वाचून गोंधळला. “आप दोनों का पता एक ही है. आपका इनसे क्या संबंध है?”

माई काठी टेकून उभ्या राहिल्या. “मैं इनकी विरोधी हूँ,” म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. फुलेश्वरी पदर तोंडाला लावून हसली. आत्या मात्र हसत नव्हत्या. त्या इतक्या कौतुकाने माईंकडे बघत होत्या, की बक्षीस समारंभाला आल्या आहेत असं वाटावं. माईंनी आपलं म्हणणं सांगितलं. पेटवणं वेगळं, वापरणं वेगळं. अधिकाऱ्याने फुलेश्वरीला विचारलं, दुसरीकडे पेटवून आणता येईल का? ती म्हणाली, “हव साहब, काबर नइ होही.” का नाही होणार. नाल्याकडच्या भिंतीशी पेटवेन आणि भरलेली इस्त्री घेऊन येईन. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आत्यांचा बाजूला सारला आणि माईंच्या कागदातल्या वाक्याखाली रेघ ओढली.

तेच वाक्य पुढे सभेत मंजूर झालं. आज ते नियमात आहे. इस्त्रीच्या ठेल्याचा कोळसा घरांपासून दूर, नेमून दिलेल्या जागी पेटवावा, पेटलेला कोळसा ठेल्यावर वापरता येईल. माझी बदली होईपर्यंत मी रोज सकाळी पाहत असे. फुलेश्वरी नाल्याकडून हातात जड इस्त्री घेऊन येई आणि ठेल्यावर पहिली कॉलर फिरवी.

पण त्या सुनावणीहून परत येताना रिक्षात जे झालं ते नियमात कुठे लिहिलेलं नाही. आत्या आनंदात होत्या. “माझं वाक्य पडलं, तुझं चाललं,” असं त्या माईंना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. “केवढं बारीक पाहिलं तू! पेटवणं अन् वापरणं. हे मले सुचलंच नाही.”

माई बाहेर बघत होत्या. ट्रकमागून ट्रक जात होते, धूळ उडत होती. मग त्या म्हणाल्या, “पहिल्या कागदाच्या वक्तालेच सांगितलं असतं मी. तवाही मी याच खिडकीत होती.”

आत्या त्यांच्याकडे वळल्या.

“गल्लीतल्या सगळ्याइले वाचून दाखवलं तू. हॉटेलवाल्याले दाखवलं. हिले दाखवलं,” माईंनी फुलेश्वरीकडे बोट केलं. “माझ्यासाठी करून राहिली होती ना? मंग मले काहून नाही विचारलं?”

रिक्षा खड्ड्यातून गेली. आत्यांना खोटं बोलता येत नसे. “नाही विचारलं,” म्हणाल्या. “तू तं आपलीच आहे, असं वाटलं.” आणि एवढ्या लोकांपुढे ताठ मानेने चूक कबूल केलेल्या त्या बाई रिक्षात बसून लहान मुलीसारख्या रडू लागल्या. मलाही रडू आलं. फुलेश्वरीने हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली.

माईंनी शालीतून हात काढला आणि धाकट्या बहिणीच्या पाठीवर ठेवला. दम लागला होता, म्हणून थांबून थांबून म्हणाल्या,

“पुढच्या वेळेस विचारजो. माझा विरोधच राहीन. पण विचारजो.”